राखणीचं तेल

९ जानेवारी

चि. ठिणगी,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी लिहीन. आधी भांडण.

काल काकूशी फोनवर काय बोललीस ते मी ऐकलं. मी पलंगावर डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. काकू फोन कानापासून वीतभर लांब धरते, त्यामुळे तुझं बोलणं घरभर होतं. "काकांच्या घरच्या साबणाच्या वड्या चिकट झाल्यात गं. हात धुतले तरी ओशट थर राहतो. एक ठेवलीय, बाकीच्या लॅबमधल्या मुलींना वाटून टाकल्या. त्या बशा घासायला वापरतात." आणि मग हसलीस.

बशा घासायला! मी साबण-कारखान्यात एक्केचाळीस वर्षं कढईवर उभा राहिलो. शाळा पाचवीत सुटली, पण कढई सुटली नाही. माझ्या हातची वडी कधी परत आली नाही. आणि जिला मी सहा वर्षांची असल्यापासून वाढवलं, जी भट्टीशेजारी बसून पाढे म्हणायची आणि अंगावर ठिणग्या घ्यायची, ती आता म्हणते वडी चिकट.

तर ऐक. तो ओशटपणा चूक नव्हे, तो मुद्दाम ठेवलेला असतो. कॉस्टिक सोडा तेलाला खातो तेव्हा साबण होतो. सगळं तेल खाऊन झालं आणि कॉस्टिक उरलं, की ते हाताला खातं. म्हणून जाणता माणूस थोडं तेल जास्तीचं घालतो. ते साबण होत नाही, तेलच राहतं आणि कातडी सांभाळतं. कारखान्यात आम्ही त्याला राखण म्हणायचो. हा शब्द तुझ्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून तुला तो घाण वाटला.

फोन मुद्दामच केला नाही. आपण दोघं फोनवर बोललो की तिसऱ्या वाक्याला कोणीतरी फोन आपटतं आणि मग काकू दोघांच्या वाटणीचं रडते. कागद आपटता येत नाही.

तिकडे खिडकीची कडी नीट लागते का? मागच्या वेळी सैल होती म्हणालीस. लावून झोपत जा. दोनदा बघत जा.

आशीर्वाद.

काका

२० जानेवारी

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र बसमध्ये वाचलं आणि रागाने माझा थांबा चुकला.

मी वडीला चिकट म्हणाले, तुम्हाला नाही. पण तुम्हाला दोन्ही एकच वाटतं, त्याला माझा इलाज नाही. माझं काम काय आहे ते तुम्ही चार वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. "पोरगी काचेच्या नळ्या धुते" एवढंच सगळ्यांना सांगता. आज सांगते, मग बोला.

शरीर पेशींचं बनलेलं असतं. पेशी म्हणजे अगदी इवलीशी खोली. तिची भिंत विटांची नसते, स्निग्ध रेणूंची असते, तेलातुपाच्या जातीच्या. त्यांना डोकं आणि शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. म्हणून ते दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेर आणि शेपट्या आत. याला पेशीपटल म्हणतात. या भिंतीत दारं असतात, ती प्रथिनांची. त्यांतून मीठ आत-बाहेर करतं. मी ज्या दारावर काम करते ते स्नायूंमधलं आहे. ते बिघडलं की माणसाचे हातपाय आखडतात. ते कसं उघडतं हे कळलं तर कधीतरी औषध निघेल.

ते दार भिंतीतून सोडवायला आम्ही काय वापरतो माहीत आहे? साबणच, पण लॅबचा, कडक. साबण भिंत विरघळवतो, दार सुटं होतं. मग त्याला चिकटलेलं स्निग्ध जाईपर्यंत मी ते धुते. नऊ वेळा. मग दुसऱ्या, साध्या स्निग्धाच्या सूक्ष्म पिशव्यांत ते बसवते आणि मीठ आत जातं का बघते.

जात नाही. चौदा महिने झाले. दार लख्ख स्वच्छ निघतं आणि मेलेलं निघतं. आमच्या लॅबच्या मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या हातातच काहीतरी आहे." मी रोज तीन वेळा हात घासते, आणि वर तुमची वडी! कुठेतरी बोटाचं तेल लागतं आणि माझं काम मरतं, असं मला वाटायला लागलंय.

अठ्ठावीस मार्चला मला समितीपुढे उभं राहायचंय. दार उघडलं नाही तर माझी जागा दुसऱ्या कोणाला देतील आणि हे काम माझ्याकडून कायमचं जाईल. म्हणून चिडते. आता हसा.

कडी ठीक आहे.

ठिणगी

२ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

तुझं पत्र मी आणि काकूने तीनदा वाचलं. काकू म्हणाली, "प्रथिन म्हणजे अंड्यात असतं ते ना? मग अंड्याला दार कुठून?" मी म्हटलं, "तू गप्प बस." ती म्हणाली, "तुम्हाला तरी काय कळलंय?" पेशीपटल का काय ते मला काही पटलं नाही, पण डोकं पाण्याकडे आणि शेपटी तेलाकडे, हे मला नवीन नाही. साबण तसाच चालतो. एक हात पाण्याच्या हातात, दुसरा तेलाच्या हातात. कारखान्यातल्या केमिस्टने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मला फक्त हे माहीत नव्हतं की आपण आतूनही तसलेच आहोत.

पण नऊ वेळा? अगं, नऊ वेळा मडकंसुद्धा धूत नाहीत. तू दार धूत नाहीस, प्रेत धुतेस!

त्या तुझ्या मोठ्या बाईला माझा निरोप सांग. जे दार जन्मापासून तेलात उभं आहे, त्याच्या अंगचं सगळं तेल काढलं तर ते उघडेल कशाला? बिजागरी कोरडी केली की दार करकरतं, हे ज्याच्या घराला दार आहे त्याला कळतं. हातात काहीतरी आहे म्हणे! हात कोणाचे आहेत? माझ्या घरचे आहेत. या हातांनी आठव्या वर्षी वडी कापली, सुरी एकदाही वाकडी गेली नाही.

धुणं कमी कर. साबण मऊ घे, कडक नको. आणि राखण ठेव. आम्ही शंभरात पाच ठेवायचो, जास्त नाही, कमी नाही. आणि तेल म्हणजे कुठलंही तेल नव्हे. खोबरेल आणि एरंडेल यांचा साबण एक होत नाही. साध्या पिशवीत बसवते म्हणालीस, पण ती साधी पिशवी त्याच्या घरची आहे का?

तुला झोप लागते का? पत्रात तुझं अक्षर उजवीकडे उतरतंय. जेवतेस ना वेळेवर? बस चुकली तर चालत जाऊ नकोस.

काका

११ फेब्रुवारी

काका,

मला शिकवू नका.

हा साबण नाही. नऊ वेळा धुवायची पद्धत मोठ्या बाईंनी घालून दिलेली आहे, तीवर सगळी लॅब चालते. पिशवीत स्निग्ध असतंच, भरपूर असतं, मग दाराला स्वतःचं वेगळं कशाला लागेल? कढई ढवळणाऱ्याने सांगितलं म्हणून मी पद्धत बदलली, असं समितीला सांगू?

अठ्ठावीस मार्चपर्यंत पत्र पाठवू नका. काकूला म्हणावं मी ठीक आहे.

ठिणगी

६ मार्च

ती. काका,

मागचं पत्र फाडून टाका. कढई ढवळणारा असं मी लिहायला नको होतं. ते मोठ्या बाईंचे शब्द होते. त्यांच्यासमोर तुमचं सांगणं सहज बोलून गेले, तेव्हा त्या तसं म्हणाल्या. मला त्यांच्यावर चिडता आलं नाही, म्हणून तुमच्यावर चिडले.

आता ऐका. मी गुपचूप केलं. मऊ साबण घेतला. नऊऐवजी तीन वेळा धुतलं. पिशवीत एक चमकणारा रंग भरलेला असतो, मीठ आत शिरलं की तो विझतो. पंधरा महिने तो रंग निर्लज्जासारखा चमकत राहिला होता. मंगळवारी बारा सेकंदांत विझला. मी पुन्हा केलं. पुन्हा विझला. मी खुर्चीवर बसून मोठ्याने शिवी दिली, तुमची ती कारखान्यातली. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काय गं, फुटलं का काही?" मी म्हटलं, "उघडलं!"

मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी कागद नुसता पाहिला आणि म्हणाल्या, "नमुना अस्वच्छ आहे. एवढं स्निग्ध चिकटलेलं आहे, तू दार मोजतेस की घाण?" मी म्हटलं, "बाई, घाणीने मीठ आत नेलं का?" त्या म्हणाल्या, "आवाज खाली." मी आवाज खाली केला नाही. सगळ्यांसमोर म्हणाले की माझे काका साबण शिजवतात, आणि ते म्हणतात राखण ठेवा. सगळे हसले. काका, माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती.

आता मी ठरवलंय. समितीपुढे तुमची वडी घेऊन उभी राहणार. एक ठेवली होती ना, ती. मैत्रिणीकडून ती तपासून घेतली. तुम्ही शंभरात पाच म्हणाला होतात, आणि वडीत निघालं शंभरात सतरा! म्हणजे पाच हे लोकांना सांगायचं आणि सतरा हे खरं गुपित, असंच ना? लबाड आहात. आता त्याच मापाने मी दाराला स्निग्ध देणार आणि समितीला सांगणार की हे एक्केचाळीस वर्षांच्या हाताचं माप आहे. बघू कोण हसतं.

सतराच का, ते नेमकं लिहून पाठवा. लवकर.

ठिणगी

१३ मार्च

ठिणगी,

ती वडी घेऊन कुठेही उभी राहू नकोस.

हेच पत्र मी दुसऱ्यांदा लिहून दुसऱ्या पेटीतही टाकतोय. कोपऱ्यावरच्या पेटीचा माणूस वेळेवर येतो की नाही याची मला खात्री नाही, आणि अठ्ठावीसच्या आत तुला एक तरी मिळालंच पाहिजे.

सतरा हे गुपित नाही. सतरा ही माझी चोरी आहे.

दोन वर्षांपूर्वी मला तो लांबलेला ताप आला होता, आठवतंय? ताप गेला आणि जाताना जीभ घेऊन गेला. गोड नाही, खारट नाही, काही नाही. कोणाला बोललो नाही. डॉक्टरलाही नाही. बोलून काय होणार? म्हातारा झाला, एवढंच म्हणाले असते.

पण साबणाची पारख जिभेवर असते. वडी घट्ट झाली की टोक जिभेला लावायचं. चावली तर कॉस्टिक उरलंय, घाणा बाद. नाही चावली तर झाली. एक्केचाळीस वर्षं मी हेच केलं. केमिस्टकडे तपासायच्या काचा होत्या, तरी तो मला विचारायचा, "चावतो का हो?"

तापानंतरच्या पहिल्या घाण्यात मी वडी जिभेला लावली. काही लागलं नाही. मला वाटलं, उत्तम झाली. काकूने आठवडाभर वापरली आणि तिचे हात लाल झाले, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. तिने विचारलं, "हे काय झालं हो?" मी म्हटलं, "थंडी आहे."

थंडी आहे म्हटलं मी! तिच्या हातांना मलम मीच लावत होतो, आणि तोंडाने थंडी म्हणत होतो.

त्यानंतर प्रत्येक घाण्याला तेल वाढवत गेलो. थोडं आणखी, थोडं आणखी, अंदाजाने. चावू नये म्हणून. सतरा झालं की वीस, मला माहीत नाही. मी मोजलेलंच नाही. तू चिकट म्हणालीस ते बरोबर होतं. म्हणून तर मला इतका राग आला. त्या वडीत राखण नाही, नुसती भीती आहे.

कारखान्यातली राखण खरी होती. शंभरात पाच खरं होतं. पण ते तुझ्या त्या दाराला लागू आहे की नाही, मला काय ठाऊक? मी पाचवी शिकलेला माणूस. रागाच्या भरात बोललो आणि तू त्यावर घर बांधलंस. आता दार चुकीचं निघालं, समितीने तुला काढलं, तर ते माझ्या खोट्यामुळे. गेले चार दिवस मी घरात फेऱ्या मारतोय. काकू म्हणते, "बसा की, जमीन झिजेल."

वडी फेकून दे. बशा घासणाऱ्या मुलींना दे. माझं नावही काढू नकोस.

काका

२९ मार्च

ती. काका,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. मजकूर तोच, शिव्या वेगवेगळ्या.

आधी समितीचं सांगते, नाहीतर तुम्ही पत्र पुढे वाचणार नाही आणि जमीन खरंच झिजवाल. जागा राहिली. मला आणखी एक वर्ष दिलंय.

आता भांडण.

तुम्हाला काय वाटलं, मी तुमची वडी दाखवून समितीला मान डोलवायला लावणार होते? दाखवणार होते, खरं आहे, मूर्ख होते. पण तुमचं पत्र येण्याच्या आधीच बेत बदलला होता. मोठ्या बाईंचा एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. दार मोजतेस की घाण? प्रश्न चिडून विचारलेला असला तरी खरा होता. म्हणून तीन आठवडे फक्त त्याचं उत्तर शोधलं. दार पुन्हा नऊ वेळा धुतलं, कडक साबणाने. मेलं. मग त्याला त्याच्याच भिंतीतलं स्निग्ध थोडंसं परत दिलं. उघडलं! दुसऱ्या जातीचं दिलं, त्याच मापाने. नाही उघडलं. काका, दाराच्या दोन फळ्यांमध्ये एक बारीक खाच असते, त्यात त्या एकाच जातीचा स्निग्ध रेणू जाऊन बसतो. तो बसला की दार हलतं. बाकीच्या भिंतीत कितीही तेल असो, खाचेत ते नसेल तर दार मुकं. खोबरेल आणि एरंडेल. हे तुम्ही फेब्रुवारीतच लिहिलं होतंत आणि मी "शिकवू नका" म्हणाले होते.

पाच नाही आणि सतराही नाही. माप मी दारालाच विचारलं. तुमच्या खोट्यावर माझं काही उभं नाही, तेव्हा एवढा भाव खाऊ नका.

मोठ्या बाई समितीपुढे माझी नोंदवही उघडून म्हणाल्या, "इथे सगळीकडे 'राखण' लिहिलंय, ते काय?" मी म्हटलं, "न धुता ठेवलेलं स्निग्ध." त्यांनी पेन काढलं. मला वाटलं, खोडतात. त्यांनी खोडलं नाही, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. माफी मागितली नाही. मीही आवाज खाली केला नाही.

आता दुसरं. काकूचे हात! दोन वर्षं लपवलंत! तुम्ही तिला थंडी म्हणालात? आणि उन्हाळा असता तर काय म्हणाला असतात? मला इतका राग आलाय की अक्षर कुठे उतरतंय ते पाहू नका. जीभ गेली तर जीभ गेली म्हणावं. मी नळ्या धुणारी का होईना, इथे बसलेय ना?

सोबत कागदी पट्ट्यांची डबी पाठवतेय. वडीचा फेस पाण्यात करायचा आणि पट्टी बुडवायची. हिरवट-निळी झाली तर वडी चांगली. गर्द जांभळी झाली तर चावते. डबीवर रंग छापलेले आहेत. तुमच्या केमिस्टच्या काचांचंच काम ही पट्टी करते, आणि ती कधी ताप आला म्हणून खोटं बोलत नाही.

काकूला तुम्ही स्वतः सांगायचं. पंधरा तारखेला मी फोन करणार आहे. तोवर सांगितलं नसेल तर मी सांगेन, आणि माझं सांगणं घरभर ऐकू जाईल.

ठिणगी

१२ एप्रिल

चि. ठिणगी,

डबी मिळाली. झाकण उघडायला अर्धा तास लागला. असल्या वस्तू म्हाताऱ्यांना पाठवताना आधी उघडून बघाव्यात.

कागद भिजवून साबण कळतो, हे मला मान्य नाही. तरी नवा घाणा लावला. यावेळी तेल आणि कॉस्टिक काट्यावर तोललं, अंदाज नाही. शंभरात पाच. वडी घट्ट व्हायला पंधरा दिवस धरले तर पत्र पंधरा तारखेच्या आत पोहोचत नाही, म्हणून आठव्या दिवशीच पट्टी लावली. हिरवट-निळी. मी डबी खिडकीपाशी नेऊन चारदा रंग जुळवला. मग दिवा लावून पाचव्यांदा.

मग काकूला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं बोललो, ताप, जीभ, थंडी, सगळं. घडी घालायची थांबली नाही. म्हणाली, "झालं सांगून?"

मी म्हटलं, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं तुम्ही माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. एकदा मुद्दाम मीठच घातलं नाही, तरी मिटक्या मारून जेवलात. मला कळणार नाही?"

"आणि हात?"

"हात लाल झाले त्याच दिवशी वडी जिभेला लावून पाहिली. चावली. तेव्हापासून प्रत्येक घाणा मीच चाखते. ठिणगीला न चाखलेली वडी कधी गेली नाही."

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "मग तेल जास्त होतंय हे का नाही बोललीस? मी मूर्खासारखा ओतत राहिलो!"

ती म्हणाली, "तुम्ही रागावला असतात."

आता सांग, यावर माणसाने काय करावं? दोन वर्षं मी तिच्यापासून लपवलं आणि दोन वर्षं ती माझ्यापासून लपवत होती की तिला माहीत आहे. दोन दिवस बोललो नाही मी तिच्याशी. तिसऱ्या दिवशी ती नव्या घाण्यातली वडी घेऊन आली, टोक जिभेला लावलं, थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाली, "नाही चावत. आणि चिकटही नाही. आधीसारखी झालीय." मग माझ्या हातात पट्टीची डबी दिली आणि म्हणाली, "उद्यापासून दोघं मिळून बघायचं. तुम्ही कागद, मी जीभ. नाहीतर पुढे मला काय काय चाटायला लागेल देव जाणे."

डॉक्टरकडे गुरुवारी नेते आहे मला. मी नाही म्हटलं. चपला तिने आधीच बाहेर काढून ठेवल्यात.

तुझ्या त्या बाईने प्रश्नचिन्ह काढलं ते बरं केलं. शब्द खोडला असता तर मी आलोच असतो तिकडे.

चार वड्या पाठवतोय. अजून महिनाभर सुकू दे, मगच वापर. एक तुझ्या मोठ्या बाईला दे, बशा घासायला नव्हे, हात धुवायला. पाच आहे, तोललेलं आहे. चिकट म्हणालीस तर बघ.

कडीला तेल घाल.

काका